अठरावा भाग

शुक्रवारी दुपारी बाराचा खेळ, कॉलेज रोडला.
सत्तरीचे आम्ही दोघेच, बाकी पोरं,
त्यातली निम्मी मोबाइलमध्ये.
खैरनारने घरचा चिवडा आणला होता.
गेटवरच्या मुलीने पिशवी उलटीपालटी केली, सापडला नाही.
"चौतीस वर्षं प्रेसच्या गेटवर झडती दिलीय," तो म्हणाला,
"ही काय पकडणार."

इथपर्यंत सिनेमा चांगला चालला होता.

मग तो आला. आमचा हेर.
पहिल्या भागात, नाशिकरोडच्या पत्र्याच्या थेटरात,
तो चालत्या गाडीतून नदीत पडला होता
आणि वर आला तेव्हा भांग मोडलेला नव्हता.
आम्ही प्रेसमध्ये नुकतेच लागलो होतो.
महिनाभर तसाच भांग पाडला.
इंग्रजी आम्हाला कळायचं नाही,
पण तो बोलायचाच इतकं कमी
की वाटायचं, सगळं कळतंय.

अठराव्यात तो बोलतो.
गाडी हाणताना बोलतो, जखम शिवताना बोलतो,
गच्चीवरून लोंबकळत बालपण सांगतो.
आणि चार भाग ज्याची नुसती अंगठी दिसायची
तो खलनायक निघतो त्याचा सावत्र भाऊ.
भांडण कशाचं, तर वाटणीचं!
खैरनार कुजबुजला,
"हे तर आमचं निफाडच्या कोर्टात
एकोणीस वर्षं चाललंय.
त्यासाठी विमान कशाला पाडलं?"
पुढच्या रांगेतल्या पोराने वळून पाहिलं.

मध्यंतराआधी त्याने टेबलावर सहा पासपोर्ट पसरले.
एक आपला. निळा.
मी खुर्चीतून पुढे वाकलो.
दोरा चुकला होता. निळाही जरा जास्तच निळा,
बाजारात नव्या कपड्याचा असतो तसा.
असा माल माझ्या टेबलावरून पुढे गेला नसता.
एवढे कोटी उधळले,
एक फोन करायचा होता जेल रोडला.

सांगितलं नसतं म्हणा.
आमच्यात बोलायची पद्धतच नव्हती.
भोंगा झाला की सायकली बाहेर पडायच्या,
नखांत शाई,
आणि घरी कुणी विचारलं, आज काय छापलं,
तर उत्तर एकच: "कागद."
कुमुदने सुरुवातीला विचारलं, मग सोडलं.
पुढे पुढे मीच विचारायचो, दिवसभर काय केलंस गं?
भाकरी थापता थापता म्हणायची,
"कागद."

शेवट काय सांगू.
कडा, खाली समुद्र, वर वारा,
भाऊ एका हाताने लटकलेला, दुसरा हात याच्या हातात.
वायलिन वाजतं, वाजतच राहतं.
हा रडतो. अख्खा कॅमेरा भरून रडतो.
पोरं उठून निघाली.
मी घड्याळाकडे पाहिलं, माझ्या आणि त्याच्याही:
आधी डाव्या मनगटावर होतं, हात सोडताना उजव्या.
चूक पकडली म्हणून खैरनारला कोपर मारलं.
तो हलला नाही.

रिक्षात मीच बडबडत होतो.
दोरा, निळा रंग, घड्याळ,
आणि या वयात कड्यावर चढतात का कुणी.
द्वारकेला सिग्नल लागला.
"सोडायला वेळ लागला पण त्याला," खैरनार म्हणाला.
"कुणाला?"
तो उड्डाणपुलाच्या खांबांकडे बघत होता.

तेव्हा मला दिसलं, गेला महिनाभर
त्याने दाढी केलेली नाही नीट,
आणि टोपी, जी त्याने जन्मात घातली नाही,
ती आज थेटरच्या अंधारातही काढली नव्हती.
खाली डोकं भादरलेलं, नुकतं कुठे उगवत असलेलं.

"केसचं काय झालं रे," मी विचारलं, "निफाडच्या?"

सिग्नल सुटला. मागून हॉर्न.

"कागद," तो म्हणाला.

डब्यात मूठभर चिवडा उरला होता,
नुसता डाळं आणि कढीपत्ता.
तो आम्ही दत्तमंदिरापर्यंत पुरवला.